कार्ड नवं, मशीन हँग: परत पाठवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सहा वर्षं जुन्या मशीनमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. आधीचं कार्ड लहान होतं, त्याला वेगळी पॉवर केबलसुद्धा लागत नव्हती. नव्याला ८ पिनांचे दोन कनेक्टर लागतात, ते तुम्ही एकाच केबलच्या दोन तोंडांनी भागवले आहेत. आता गेम सुरू केला की २० ते ४० मिनिटांत चित्र गोठतं, आवाज एकाच जागी अडकून घर्रर्र करत राहतो आणि पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. दोनदा नुसता व्हिडिओ बघतानाही असंच झालं. विंडोज दोन वेळा नव्याने टाकून झालं, फरक शून्य. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, ६५० वॉटचा, मशीनइतकाच जुना. रॅमच्या चार पट्ट्या, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू. कार्ड सदोष समजून परत करू का?

एवढ्यात नको. सदोष कार्डं येतच नाहीत असं नाही, पहिल्या दिवसापासून आजारी असलेली कार्डं मीही पाहिली आहेत. पण अशा तक्रारीत बऱ्याचदा मशीनच आधीपासून काठावर चाललेलं असतं. जुनं कार्ड कोणाकडे काही मागत नव्हतं, म्हणून दुखणं झाकलेलं होतं. नवं कार्ड एसएमपीएसकडे जास्त वीज मागतं, मदरबोर्डाच्या स्लॉटकडे (कार्ड बसतं त्या खाचेकडे) जास्त वेग मागतं आणि प्रोसेसरला निवांत बसू देत नाही. या तिघांपैकी जो कच्चा असेल तो मान टाकतो. अशा वेळी कार्ड बदलून घेणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसरं कार्डही तसंच वागेल आणि तुमचे पंधरा दिवस जातील.

पुढच्या वेळी हँग होईल तेव्हा लगेच पॉवर बटणाकडे हात नेऊ नका, दोन मिनिटं मशीनकडे नीट बघा. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर विंडोज जिवंत आहे, फक्त चित्र मेलेलं आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, तर भांडण ड्रायव्हर आणि कार्ड यांच्यातलं आहे. कॅप्स लॉकचा दिवा जागचा हलत नसेल, तर अख्खं मशीन अडकलेलं आहे आणि तिथे ड्रायव्हरपेक्षा वीज, रॅम किंवा स्लॉट यांवर माझा संशय जास्त.

तुमचा घर्रर्र आवाज दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवतो. साउंडचं हार्डवेअर मेमरीतल्या एका छोट्या तुकड्यातून गोल गोल फिरत आवाज वाचत असतं आणि प्रोसेसर त्यात सतत नवा मजकूर भरत असतो. प्रोसेसर थबकला की भरणं थांबतं, वाचणं चालूच राहतं, म्हणून तोच क्षणभराचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. चित्र गोठलं पण गाणं पुढे नीट वाजत राहिलं, असं असतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

आणखी दोन प्रकार ओळखून ठेवा. मशीन न गोठता एकदम बंद पडलं किंवा रीस्टार्ट झालं, तर एसएमपीएसने स्वतःला वाचवण्यासाठी हात वर केलेले असण्याची शक्यता मोठी. पडदा काळा होऊन कार्डाचे पंखे जोरात फिरायला लागले, तर बहुतेक कार्डाचा बोर्डाशी संपर्क तुटलेला आहे.

आता विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि हँग झालेल्या वेळेच्या आसपासच्या नोंदी बघा. इथे बहुतेक जण एका नोंदीवर घसरतात: कर्नल-पॉवर ४१. नावात पॉवर आहे म्हणून लोक सरळ एसएमपीएस बदलतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. तुम्ही स्वतः बटण दाबून बंद केलंत तरी तीच नोंद पडते. तिच्यावरून कारण कळत नाही. शोधायच्या नोंदी वेगळ्या आहेत. डिस्प्ले या नावाखाली ४१०१ दिसली तर ड्रायव्हर अडकून पुन्हा सावरला होता. विंडोज कार्डाच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट बघतं, उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर नव्याने सुरू करायला बघतं, त्याची ही खूण. व्हिया-लॉगरची (WHEA-Logger, विंडोजची हार्डवेअरच्या चुका टिपणारी यंत्रणा) १७ क्रमांकाची नोंद पीसीआयईच्या (PCI Express) नावाने ओळीने दिसली, तर स्लॉट आणि कार्ड यांच्यातल्या जोडणीवर चुका होताहेत आणि त्या दुरुस्त होत होत गाडी पुढे जाते आहे, केव्हातरी दुरुस्त न होणारी चूक येऊ शकते. व्हिया-लॉगर १८ म्हणजे प्रोसेसरने हार्डवेअरची गंभीर चूक स्वतः कळवली आहे. आणि काहीच नोंद नाही, फक्त ४१? तीही माहितीच आहे. लिहायलाही वेळ मिळाला नाही इतकं अचानक सगळं थांबलं.

लिनक्सवर असाल तर मागच्या बूटचा कर्नल लॉग वाचा. एनव्हिडियाच्या कार्डावर एक्सआयडी (Xid) ७९ हा चुकीचा क्रमांक दिसला तर कार्ड बसवरून गळून पडलं असं तो ड्रायव्हर सरळ शब्दांत सांगतो.

विंडोज दोनदा टाकलंत त्याबद्दल. मेहनत वाया गेलेली नाही, जुन्या ड्रायव्हरचे अवशेष हा मुद्दा त्याने निकालात निघाला. एरवी एका कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं बसवलं की मी सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर मुळापासून काढायला सांगतो, इंटरनेट बंद ठेवून, नाहीतर विंडोज अपडेट मधल्या मध्ये स्वतःचा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. तुम्ही एवढंच करून बघा की सगळ्यात ताज्या ड्रायव्हरऐवजी दोन-तीन महिने जुना टाका. दोन्ही वेळा नवीनच टाकला असेल तर त्यातला दोष दोन्ही वेळा सोबत आला असेल. त्याने काही झालं नाही तर सॉफ्टवेअरचं दार बंद करा. तिसऱ्यांदा फॉरमॅट नको.

आता कॅबिनेट उघडू. मशीन बंद करून मुख्य केबल काढा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कार्ड बाहेर काढा, स्लॉटमध्ये धूळ असेल तर झटका, आणि पुन्हा बसवताना टोकाचा खटका वाजेपर्यंत दाबा. जड कार्ड एका बाजूला झुकतं आणि स्लॉटमधून केसभर वर उचललं जातं. कॅबिनेट आडवं ठेवून तासभर चालवून बघितलं की झुकण्याचा हा प्रश्न आहे की नाही ते फुकटात कळतं. या तपासणीत माझं हसं झालेलं आहे म्हणून सांगतो: एका मशीनवर मी दोन दिवस कार्डाच्या मागे होतो आणि शेवटी निघालं काय, तर कार्ड बसवताना कोपर लागून हार्ड डिस्कची साटा केबल अर्धी निघाली होती. गेम त्या डिस्कवर होता. लोड करताना सगळं गोठायचं. तेव्हापासून कार्ड सोडून बाकीच्या केबल आधी चाचपतो.

मग येते ती दोन तोंडांची पॉवर केबल. इथे जरा थांबू या, कारण मला तुमच्या मशीनमध्ये पहिला संशय इथेच आहे.

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. तुमचं जुनं कार्ड तेवढ्यावरच जगत होतं. ८ पिनांचा एक कनेक्टर १५० वॉटसाठी ठरवलेला आहे. दोन कनेक्टर एकाच केबलवरून घेतले की कार्ड दोन्हींतून मिळून ३०० वॉटपर्यंत मागू शकतं आणि तो सगळा भार एसएमपीएसच्या बाजूच्या एकाच कनेक्टरवरून, त्याच तारांतून येतो. तारा लगेच जळत नाहीत, पण व्होल्टेज पडतं. त्यातून आजच्या कार्डांची मागणी सरळ रेषेत नसते. सरासरी २२० वॉट दाखवणारं कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं त्याच्या कितीतरी वर उडी मारतं. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने क्षमतेच्या दुपटीपर्यंतची उडी अगदी अल्पकाळ, १०० मायक्रोसेकंद, सोसली पाहिजे असं कलम घातलं गेलं. तुमचा एसएमपीएस त्याच्या आधीचा. सहा वर्षांत त्यातले कपॅसिटर थोडे थकलेलेही असणार. डब्यावर ६५० लिहिलेलं आहे, बेरीज करून बघितली तर पुरतंही आहे, पण उडी सोसणं आणि बेरीज जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा एसएमपीएसकडून दुसरी स्वतंत्र केबल ओढा आणि प्रत्येक कनेक्टरला आपापली केबल द्या. ती केबल त्याच एसएमपीएससोबत आलेलीच हवी. दुसऱ्या एसएमपीएसची केबल तोंडाने बसते म्हणून लावू नका, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. हे मी ऐकून सांगत नाही. माझ्या अशाच आळसाने दोन डिस्क गेल्या, त्यातली एक गिऱ्हाइकाची होती. प्रोसेसरसाठीचा ८ पिनांचा कनेक्टर दिसायला सारखा असतो, तोही इकडे कोंबू नका. तुमच्याऐवजी कोणाचं कार्ड नव्या १६ पिनांच्या कनेक्टरचं असेल, तर तो पूर्ण आत गेला आहे का, मध्ये फट नाही ना, आणि तोंडाजवळच केबल मुरडलेली नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात बघावं. अर्धवट बसलेला तो कनेक्टर नुसता हँग करून थांबत नाही, वितळूही शकतो.

केबल बदलण्याआधी किंवा नंतर, एक प्रयोग जरूर करा. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यात पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, किंवा कार्ड तेवढं खाली येऊ देत नसेल तर जितकं येईल तितकं आणा, आणि गेमला ६० फ्रेमची मर्यादा घाला. मग नेहमी हँग होतो त्याच्या तिप्पट वेळ खेळा. एकदाही गोठलं नाही, तर दोष वीज किंवा उष्णता यांच्या घरात आहे, रॅम आणि ड्रायव्हर बहुतेक सुटले. तसंच गोठलं, तर वॉटच्या मागे लागू नका. नवा एसएमपीएस आणण्याआधी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला लावतो. पदरचं काही जात नाही आणि निम्मे संशयित गळतात.

उष्णतेचं लवकर आटपतो. कार्ड तापलं की ते आधी वेग कमी करतं, सहसा गोठत नाही. ८० ते ८५ अंश बघून घाबरण्याचं कारण नाही. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवा आणि त्यातलं लॉगिंग सुरू करा, म्हणजे दर दोन सेकंदांची नोंद फाइलमध्ये पडते. हँग झाल्यावर त्या फाइलच्या शेवटच्या काही ओळी वाचायच्या. हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, ११० च्या घरात किंवा सरासरी तापमानापेक्षा ३०-३५ अंशांनी वर असेल तर कार्डावरचा हीटसिंक नीट बसलेला नाही, आणि तिथे मात्र परत करण्याला सबळ कारण आहे. त्याच ओळींत १२ व्होल्टचा रकाना बघा. ११.४ च्या खाली जायला नको. बोर्डावरचा सेन्सर नेमका असेलच असं नाही, म्हणून आकड्यापेक्षा भार आल्यावर तो किती खाली येतो ते पाहा.

पण तुम्ही म्हणता दोनदा व्हिडिओ बघतानाही अडकलं. हे वाक्य मला खुपतंय. व्हिडिओला वीज लागते किती? त्यामुळे वीज एके वीज म्हणून मी हात झटकू शकत नाही. हलक्या कामात हँग होणं म्हणजे बहुतेक वेळा कार्ड झोपेतून उठताना-झोपताना काहीतरी बिनसतं, किंवा रॅम चुकते आहे.

आधी स्लॉट. तुमचं जुनं कार्ड पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीचं असणार, नवं चौथ्या. म्हणजे स्लॉटमधल्या प्रत्येक लेनवरचा (डेटा जाण्याच्या वाटेवरचा) वेग सेकंदाला ८ गिगाट्रान्सफरवरून एकदम १६ वर गेला. बोर्ड चौथ्या पिढीचा असला तरी हा स्लॉट आजवर त्या वेगाने कधी धावलेलाच नव्हता, तो आता पहिल्यांदा धावतोय. कॅबिनेटमध्ये कार्ड उभं बसवण्यासाठी रायझर केबल लावली असेल तर ती ताबडतोब काढा आणि कार्ड थेट बोर्डात बसवा. तिसऱ्या पिढीसाठी बनलेली रायझर चौथ्या पिढीचं कार्ड चालवताना अगदी असंच हँग करते, आणि जुनं कार्ड तिच्यावर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं असतं, म्हणून संशय येत नाही. रायझर नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्या स्लॉटचा वेग ऑटोवरून हाताने तिसऱ्या पिढीवर ठेवा. पूर्ण १६ लेन वापरणाऱ्या कार्डाला त्याने गेममध्ये जाणवेल असा फटका सहसा बसत नाही. ८ लेनच्या कार्डाला थोडा बसतो, पण आपल्याला हे तपासापुरतं करायचं आहे. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बघताना एक फसगत होते: कार्ड रिकामं असताना तो १.१ दाखवतो. ते वीज वाचवण्यासाठी असतं, दोष नव्हे. बाजूच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून छोटी चाचणी चालू केली की खरा वेग दिसतो. सोबत विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसखालचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करा. व्हिडिओ बघतानाच्या हँगवर नेमकं हेच लागू पडतं असा माझा अनुभव आहे. आणि ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन एक दिवस बंद ठेवून बघा.

आता रॅम. ग्राफिक्स कार्ड बदललं आणि दोष रॅमचा, हे लोकांना पटत नाही. जुनं कार्ड संथ होतं, फ्रेम काढता काढता त्याचीच दमछाक व्हायची आणि प्रोसेसर त्याची वाट बघत बसायचा. नवं कार्ड फ्रेम भराभर उडवतं, त्यामुळे प्रोसेसर आणि रॅमला पहिल्यांदाच पूर्ण जोराने धावावं लागतं. वर कार्डाची गरम हवा नेमकी रॅमच्या पट्ट्यांवर जाते. एक्सएमपी म्हणजे एका अर्थाने ओव्हरक्लॉकच, ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, आणि चार पट्ट्या असल्या की मेमरी कंट्रोलरवर ताण आणखी. सहा वर्षं चाललं म्हणजे तिथे भरपूर ताकद शिल्लक होती असं नाही. बायोसमध्ये एक्सएमपी बंद करा आणि दोन दिवस तसंच वापरा. फरक पडला तर रॅमचा वेग एक पायरी खाली ठेवून कायमचा प्रश्न मिटवता येतो. शंका राहिली तर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी ती जास्तच आहे. प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला असेल किंवा व्होल्टेज कमी करून ठेवलेलं असेल, तर तेही मूळ जागी आणा.

तुमचा प्रोसेसर जुना आहे म्हणून तुम्हाला लागू नाही, पण इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा मोठा डेस्कटॉप प्रोसेसर असणाऱ्यांनी बायोस अद्ययावत केल्याशिवाय कार्डाला हात लावू नये. त्या प्रोसेसरांच्या अस्थिरतेवर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमच्या) दुरुस्त्या काढल्या. त्या दोषात गेम चक्क "व्हिडिओ मेमरी संपली" असा संदेश देऊन पडायचे, आणि अनेकांनी चांगली कार्डं त्यापायी परत केली. एकदा खराब झालेला प्रोसेसर त्या दुरुस्तीने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

क्रम मात्र पाळा: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर किमान दोन तास खेळ. सगळं एकदम बदललंत आणि हँग थांबलं, तर कशाने थांबलं ते कळणार नाही, आणि महिन्याने परत सुरू झालं की पाटी कोरी. तुमच्या मशीनवर मी आधी दोन स्वतंत्र केबल लावीन, मग एक्सएमपी बंद, मग स्लॉट तिसऱ्या पिढीवर, मग लिंक स्टेट बंद, शेवटी पॉवर लिमिटचा प्रयोग. केबल, रॅम आणि स्लॉट या तिन्हींनी काही हललं नाही, पण पॉवर लिमिट खाली आणताच मशीन शांत झालं, तर कोणाचा तरी चांगला एसएमपीएस एका संध्याकाळपुरता उसना मागा आणि त्याच्याच केबलींसकट लावून बघा. लिमिट कमी करूनही गोठत राहिलं, तर मग कार्डाची पाळी.

कार्डाची परीक्षा दुसऱ्या मशीनमध्येच घ्यायची. मित्राच्या मशीनमध्ये तेच कार्ड, तोच गेम, तीन तास. तिथेही गोठलं, किंवा पडद्यावर रंगीत चौकोन, ठिपके, पट्टे दिसले, तर कार्डाचीच मेमरी किंवा चिप गेलेली आहे. लगेच परत करा, हँग होतानाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सोबत द्या, म्हणजे "आमच्याकडे तर नीट चाललं" हे उत्तर ऐकावं लागणार नाही. तिथे नीट चाललं, तर त्याच बैठकीत उलटही करून घ्या: मित्राचं तेवढीच वीज मागणारं कार्ड तुमच्या मशीनमध्ये. तेही गोठलं तर वाद संपला. मुदतीची तारीख आधी बघून ठेवा, तपास करता करता परत करण्याचे दिवस उलटून गेलेले मी पाहिले आहेत. आणि हे सगळं होईपर्यंत जुनं कार्ड कोणाला देऊन टाकू नका, त्याच्यावर मशीन आजही तासन्तास चालतं की नाही हे एकदा बघावं लागणार आहे.